बावीस प्रश्नांचं गाऱ्हाणं

डोंगर खाली आला त्याला दोन महिने झाले होते. देवरूखजवळच्या एका बंद पडलेल्या शाळेत एकेचाळीस माणसं राहत होती, आणि माझ्या हातातल्या कागदावर त्यांना ‘निर्वासित’ म्हटलं होतं. अकरा देशांतल्या निर्वासितांना विचारून झालेले बावीस प्रश्न आता मी, वैदेहीने, यांना विचारायचे. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. चाळीसच्या वर जाईल त्याचंच नाव मनाच्या डॉक्टरांच्या यादीत. पुण्याहून पाहणीचे प्रमुख गंधार सर यांची तंबी होती, एक शब्दही बदलायचा नाही.

“वाळवंट ओलांडल्याची स्वप्नं पडतात का?”

“नाय वो. च्या घ्या,” विमलाकाकी म्हणाल्या.

त्यांचा नवरा केरू त्या डोंगराखालीच राहिला. तेव्हापासून काकींनी पायातल्या चपला काढल्या नव्हत्या. झोपतानाही नाही. अंगठ्याशी जखम चिघळली होती. यांना डॉक्टर मिळाला नाही तर मग कुणाला मिळायचा? पण गुण पडले शून्य.

शून्य सगळ्यांनाच. खडक नावाचा काजूच्या बागेचा नेपाळी राखणदार, त्याचं तर पहिलं घर भूकंपात गेलं होतं आणि दुसरं आता डोंगराखाली. तोही हसून म्हणाला, “एकदम ठीक, दीदी.” मला संताप आला. घरदार गाडलं गेलं आणि सगळे म्हणे ठणठणीत!

पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे होते. या खेपेला मी स्पष्टच म्हटलं, “काकी, खोटं का सांगता?”

“पावन्याफुडं रडगाना गातंत काय? गाऱ्हाना देवाला घालायचा.”

मग देवालाच घालू. मी गावचे गुरव श्रीपतीआजोबा यांच्या हातात प्रश्नावली दिली. त्यांनी वर्गातल्या टेबलावर नारळ ठेवला, सगळ्यांना उभं केलं आणि चष्मा सावरला.

“बा देवा म्हाराजा, तुजी लेकरा झोपेत दचकतंत, ता दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे गरजले.

वाळवंटाच्या स्वप्नांनाही व्हय म्हाराजा. बर्फात वाट चुकल्याच्या आठवणींनाही. ‘प्रश्न विचारणारी व्यक्ती हेर वाटते’ याला तर छप्पर हललं. मी मुकाट्याने चार-चार गुण मांडत गेले.

बाविसावा प्रश्न झाला आणि आजोबांची नजर खाली गेली.

“विमला, देव हाय फुडं. चपला काड गो.”

“नाय काडनार.”

“असा करू नये.”

“त्यांनी हाक मारलीनी,” काकी म्हणाल्या. “आयकली मी. नि चपला सोदीत बसले.”

कुणी व्हय म्हाराजा म्हटलं नाही. आजोबा नारळाकडे पाहत राहिले, मग बाहेर गेले. आले ते पायात वहाणा घालून. देवापुढे वहाणा घातलेला गुरव मी जन्मात पाहिला नव्हता. मग खडक गेला आणि गमबूट घालून आला. मग एकेक करून सगळे. शेवटी मीही.

“हिच्या कानातली हाक तुलाच ठाव, तूच काय ता बग रे म्हाराजा,” आजोबा म्हणाले.

“व्हय म्हाराजा,” आम्ही हळूच म्हटलं.

संध्याकाळी गंधार सरांचा फोन आला.

“पहिल्या खेपेला सगळ्यांना शून्य, आता सगळ्यांना अठ्ठ्याऐंशी? विश्वासार्हता म्हणून काही चीज असते, वैदेही! यादी रद्द.”

“एक नाव तरी ठेवा. क्रमांक सतरा. अडीच महिने चपला घालून झोपते ती.”

“चपलांचा प्रश्न आपल्यात नाही.”

“नाही ना, म्हणूनच सांगतेय,” मी ओरडले आणि मग सगळं सांगितलं. केरूची हाक, चपला, आजोबांच्या वहाणा, गमबूट.

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

“क्रमांक सतरा. नाव काय त्यांचं?” सरांनी विचारलं.