दाखवण्यापुरता श्वास

"ओठ घट्ट मिटा काका, आणि माझ्याकडे बघा," असं म्हणत सिस्टरनी एक सुटी नळी तोंडात धरली, छाती भरून घेतली आणि फुंकून दाखवलं.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. चार सेकंदांत संपलं.

आमच्या वाचनालयासमोरची इमारत अतिरेक्यांनी उडवली, त्याला चौदा वर्षं झाली. त्या दिवशी ज्यांच्या छातीत धूळ गेली, त्यांची इथे, या दवाखान्यात, यादी आहे. वर्षातून एकदा बोलावतात, मशीनमध्ये फुंकायला लावतात. मी यादीत एकशे सातवा. सिस्टर प्रत्येकाला आधी स्वतः फुंकून दाखवतात. चौदा वर्षांत कोण विसरणार? पण ती त्यांची पद्धत. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना फुंकणीबाई म्हणतो.

मला मोजायची खोड. सगळा जन्म पुस्तकं मोजण्यात गेला. पूर्वी त्यांचा श्वास सहापर्यंत टिकायचा. मग पाच झाला. वाटलं, मीच सावकाश मोजत असेन. आपल्या मोजण्याचा काय भरवसा? म्हणून यंदा घड्याळ.

"लक्ष कुठंय? फुंका! फुंका, फुंका, अजून, अजून... शाब्बास! गेल्या वर्षीइतकंच आहे. लग्नाला उभं राहायला हरकत नाही."

हसून निघालो. दारापर्यंत गेलो आणि कसाबसा परत फिरलो.

"सिस्टर, राग मानू नका. तुम्ही पूर्वी सहापर्यंत फुंकायचात. आज चार."

"अहो, दाखवायचंच तर असतं. अर्धंच फुंकते मी."

"अर्धं फुंकल्यावर टेबल धरावं लागत नाही."

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून टेबलाच्या कडेवरच होता.

"त्या दिवशी मला तुम्हीच बाहेर काढलंत," मी म्हणालो.

"मी तीन दिवस होते तिथे, त्या धुळीत."

"मग यादीत तुमचं नाव कसं नाही?"

"यादी मीच केली ना. स्वतःचं नाव कोण घालतं?" मग हळूच म्हणाल्या, "आकडा वाईट आला तर मला इथून हलवतील, काका. तुमच्यावर ओरडणार कोण?"

मी पाकिटातली नवी नळी काढून मशीनला लावली. उलटी लागली.

त्या बघत राहिल्या. मग त्यांनी ती सुलट केली आणि समोर बसल्या.

"ओरडा आता."

वाचनालयात चाळीस वर्षं मी कुजबुजतच बोललो होतो.

"फुंका," मी म्हणालो.

"काय हे! मोठ्यानं!"

"फुंका! फुंका, फुंका! अजून, सिस्टर, अजून!"

बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. मशीनमधून कागद आला. त्यांनी तो न बघताच पालथा ठेवला, एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. त्यांना धाप लागली होती.

यादी बघून मी शेवटच्या नावापुढचा क्रमांक लिहिला. त्याखालच्या रकान्याशी हात थांबला.

"नाव?" मी विचारलं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.