उपासाचं केळं

मंगळवारी सकाळी अर्धा गाव पंडित महाराजांच्या मांडवात जमला होता. मधोमध माझ्या तिसरीच्या वर्गातली पुनम मांडी घालून बसली होती. एरवी दोन मिनिटं बाकावर न टिकणारी पोर तासभर हललीही नव्हती.

"वारे सात असतात, भक्तहो! हिच्या अंगात आठवं वारं शिरलंय. मंतरलेल्या केळानं मी ते बांधलं!" महाराज गरजले. सात कुठले, हेही कोणी विचारलं नाही. एरंडोल तालुक्यातल्या वीस वर्षांच्या मास्तरकीत मी पाहिलेला हा पाचवा महाराज. आता रागही येत नाही, नुसता शीण येतो.

पुनमचे वडील चुडामणभाऊ धावत आले. "सर, दखा ना! चार मंगळवारमां पोर कशी शांत व्हयनी! आखो सात मंगळवार बाकी शेतस."

मी जवळ गेलो. डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून लाळ. हाक मारली तर मान कलंडली. मला भीती वाटली आणि लाजही. "पोरगी ऐकत नाही, काहीतरी करा," अशी तक्रार वर्षभर मीच घरी धाडत होतो.

शेजारी केळाचं साल पडलं होतं. देठाजवळ बारीक चीर, आत पांढरी पूड. केळीच्या पानावरचा करपा रोग बांधावरून ओळखणारे गावातले हे बागायतदार, पण प्रसादाचं केळं कोणी न्याहाळलं नव्हतं.

टोपलीतलं तसंच एक केळं मी उचललं. "महाराज, हे तुम्ही खा."

"आज माझा उपास आहे."

पुनमची आजी सुनंदाबाई मागून म्हणाल्या, "बापा, उपासले केयं चालस ना!"

हशा पिकला. महाराज पिशवी घेऊन सटकू लागले, तशी दोघांनी ती ओढली. झोपेच्या गोळ्यांची पाकिटं खाली पडली आणि हसू थांबलं.

जळगावला डॉक्टरांनी पुनमला दोन दिवस ठेवून घेतलं. पुढच्या भेटींत तपासण्या करून, घरच्यांना आणि मला विचारून त्यांनी निदान केलं: एडीएचडी. मेंदूची वाढच अशी, की लक्ष टिकवणं, हातपाय आवरणं जड जातं. ही बाधा नव्हे, लाडाचा परिणामही नव्हे. शिकवायची रीत बदलली, लागेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध दिलं, की अशी मुलं छान शिकतात.

निदान झालं त्या दिवशी परतताना चुडामणभाऊ हळूच म्हणाले, "पन सर, ती शांत तं व्हयेल व्हती ना?"

"भाऊ, ती शुद्धीवर नव्हती."



तुमच्या घरी असं मूल असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि तुम्ही मास्तर असाल, तर माझ्यासारखी तक्रार धाडण्याआधी त्याला फळा पुसायला उठवा. त्याला उठायचंच असतं.