कुंडीखालचा चौदा पायांचा

मित्रांनो, फुटक्या कुंडीखाली राहणारा मी एक जुना राखी जीव आहे. कुंडी उचलताच तुम्ही "शी" म्हणता आणि मी अंगाची गोळी करतो, तोच मी. खुशाल शी म्हणा, माझं काही अडत नाही.

तुम्ही मला किडा म्हणता, पण माझं गोत खेकड्यांचं. समुद्र सोडला, तरी श्वास अजून ओल्या कल्ल्यांनीच घेतो. आईने अंडी पोटाखालच्या पाण्याच्या पिशवीत सांभाळली. जन्मलो तेव्हा पाय बाराच होते, कात टाकल्यावर चौदा झाले. कातही आधी मागच्या अर्ध्या अंगाची टाकतो, मग पुढची. एकदम उघडं पडायला मी खुळा नाही. कुजका पाला खाऊन त्याची माती करणं हे माझं काम.

ही रोपवाटिका ताईंची. एकदा त्यांची काकडीची रोपं बुडाशी कुरतडलेली निघाली. चोर धरायला त्यांनी कोरलेला अर्धा बटाटा वाफ्यात पालथा ठेवला. सकाळी उचलला, तर खाली आम्ही वीस जण. ओल आणि आडोसा दिसला की आम्ही जाणारच.

"सापडले एकदाचे. आता पावडर मारते सगळीकडे," ताई म्हणाल्या.

त्यांची म्हातारी आत्या बाकावर बिया निवडत होती. "पावसात झाडाखाली उभी राहिलीस, म्हणून झाड तू लावलंस का गं?"

"आत्या, तुझं आपलं काहीतरीच."

"बरणीत घालून बघ. मग मार."

बरणीत आम्ही, एक कोवळं रोप आणि मूठभर सडका पाला. पाणी शिंपडायला मात्र ताई विसरल्या. ऊन चढलं. कल्ले सुकले की आमचा खेळ संपतो. ओल टिकवायला आम्ही एकमेकांना चिकटून ढीग केला. समोर रसरशीत रोप उभं होतं. आम्ही तोंड लावलं नाही. दुपारी आत्याने पाणी शिंपडलं, तोवर तिघे गेले होते.

तिसऱ्या दिवशी पाल्याची जाळी झाली होती आणि रोप टवटवीत होतं. वाफ्यातली आणखी दोन रोपं मात्र आडवी पडली होती. आत्याने त्यांच्याजवळची चकाकती रेघ दाखवली.

"गोगलगाय. तोंड पुसायचं विसरली बघ."

ताईंनी पावडरचा डबा फळीवर ठेवला आणि बरणी वाफ्याकडेच्या माझ्या कुंडीपाशी उपडी केली. माफी कुणी मागितली नाही. मीही थांबलो नाही. त्या तिघांची माती आज त्याच वाफ्यात आहे, आणि काकड्या लटकल्या आहेत.

मित्रांनो, मला कुरवाळू नका. कुंडी उचललीत, तर होती तशी परत ठेवा, एवढंच. वर तुमची बाग असेल. खाली माझं घर आहे आणि ते मी सोडणार नाही.