गंज काढून ठेवा

बायको तिच्या बाबांना आणायला निघाली तेव्हा चपला चढवता चढवता दारातूनच म्हणाली, "अहो, रविवारी सगळे जेवायला येणारेत. तो गंज तेवढा काढून ठेवा हं!" आणि बसच्या घाईत निघूनही गेली.

तिच्या मनात होतं माळ्यावरचं मोठं, उभट पातेलं. तिच्या माहेरी त्याला गंज म्हणतात. नवऱ्याच्या डोक्यात मात्र गंज म्हणजे लोखंडाला चढतो तोच. आणि तसा गंज घरात एकाच वस्तूवर होता, मागच्या अंगणात भिंतीला टेकून ठेवलेल्या सासऱ्यांच्या कोळशाच्या शेगडीवर. एक फोन करून विचारायला काय हरकत होती? पण लग्न मुरलं की नवरे विचारत नाहीत, समजून घेतात.

सासरे कारखान्यात फिटर होते. ती उंच पायांची, झाकणाची शेगडी त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेली. सुट्टीच्या दिवशी ते तिच्यावर कणसं आणि मासे भाजायचे आणि अख्खी गल्ली वासावर गोळा व्हायची. सासूबाई गेल्या आणि माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. शेगडी लेकीने होती तशीच इकडे आणून ठेवली. काय खाणार विचारलं तर "काहीही", बाहेर येता का विचारलं तर "राहू दे". तब्येत ठणठणीत, असं डॉक्टर सांगत होते. आता लेक त्यांना कायमचं आपल्याकडे आणत होती. "इथे येऊनही ते असेच बसून राहिले तर?" असं तिने विचारलं होतं. ते काही त्याच्या हातात नव्हतं. निदान गंज तरी काढू, म्हणून तो बाह्या सरसावून अंगणात उतरला.

तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा. चष्म्याच्या स्क्रूपेक्षा मोठा स्क्रू त्याने आयुष्यात पिळला नव्हता. तरी जाळी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, तारेचा ब्रश घेतला आणि झाकणावर तुटून पडला. तांबडी भुकटी नाकातोंडात गेली, बनियनचा रंग बदलला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "भंगारवाला येतो की दर आठवड्याला!" त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कारण एव्हाना गंजाखालून शेगडी दिसायला लागली होती, आणि तो थक्क झाला होता. रिव्हेट सगळे एका ओळीत, सगळे सारखे, जणू यंत्राने ठोकलेले. कडा आत वळवलेल्या, म्हणजे कुणाचा हात कापू नये. हवेच्या झरोक्याला सरकतं झाकण होतं. तेलाचा थेंब सोडला, बोटाने ढकललं, तर ते एवढ्या वर्षांनीही अलगद सरकलं. जाळीच्या सळया मधे किंचित उंच होत्या, चरबी निखाऱ्यांवर न पडता कडेला ओघळावी म्हणून. अरे बाप रे, किती विचार केलाय या माणसाने! आपण इतकी वर्षं यांच्या हातचं खाल्लं आणि कधी शेगडीकडे वाकून पाहिलं नाही, याची त्याला लाज वाटली.

मग त्याने तळातली राख खरवडायला घेतली. राखेने ओल धरून ठेवली होती. खालचा पत्रा ओल्या बिस्किटासारखा मऊ झाला होता, आणि स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. तळहाताएवढं भोक पडलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला. बाकी सगळं पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, जाळी गॅसवर धूर निघेपर्यंत तापवून काळीभोर केली. भोकाचं मात्र काहीच करता येईना. शेवटी त्याने त्यावर वर्तमानपत्र पसरलं.

रविवारी बायको बाबांना घेऊन आली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. "गंज कुठाय?"

"काढला की सगळा! ये, दाखवतो."

अंगणात शेगडी बघून तिने डोक्याला हात लावला. "अहो, पातेलं! माळ्यावरचं पातेलं म्हणत होते मी! आता भात कशात करू?"

तो काही बोलणार तोच मागे चपलांचा आवाज आला. बाबा खुर्चीत बसले नव्हते. ते शेगडीपाशी आले, झरोका सरकवून पाहिला, वर्तमानपत्र उचललं. भोकात बोट घातलं.

"राख काढली नव्हती कुणी?" ते म्हणाले.

लेक हळूच म्हणाली, "आईने शेवटची कणसं भाजली होती ना, त्याची राख होती बाबा. माझा हातच धजला नाही."

बाबा भोकाकडे बघत राहिले. त्याला वाटलं, झालं, आता हे आत जाऊन बसतील ते उठणारच नाहीत. पण बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"जावईबापू, असं भोक झाकून ठेवतात होय? घरात पत्रा आहे का? आणि रिव्हेट?"

"आणतो. बाबा, आधी जेवून घेता का? काय खाणार?"

"कणसं," बाबा म्हणाले. "पण आधी हे."

तो पळतच निघाला. दारात बायकोने त्याचा तांबडा झालेला हात धरला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, "तुम्हाला मी बोललेलं कधी कळत नाही."