दगडाचा हुंकार

महाराजांचा आवाज उतरत उतरत एका ठरावीक सुरावर आला, की तेव्हाच दगड घुमायचे. सूर जरा वर गेला की गप्प, खाली घसरला की गप्प. सुप्रभाने हे पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. बाकीच्यांचे हात जोडलेले होते आणि डोळे मिटलेले.

पितृपक्षातल्या रविवारी इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातून कोच भरून मंडळी विल्टशरच्या माळावर आली होती. गवताने झाकलेला लांबलचक उंचवटा आणि त्याच्या तोंडाशी दगडी खोल्या. पाच हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांचं हे सामाईक दफनस्थान. अवधूत महाराजांनी त्याची पितृलोकाची ब्रँच करून टाकली होती. इथे कावळा शिवायची वाट बघायची नाही, ते सांगत. दगडाने हुंकार दिला की पितर तृप्त, गाठ विरघळलीच समजा.

गाठ सुप्रभाच्या सासूबाईंच्या, अरुणाताईंच्या छातीत होती. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच ऑपरेशन सांगितलं होतं. पण नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता, ते त्यांच्या मनातून जाईना. सुप्रभा बायोकेमिस्ट, घरी समजावून समजावून तिचा घसा बसला होता. ऑफिसात पुराव्याशिवाय सॉफ्टवेअरमधला साधा बगही मान्य न करणारा तिचा नवरा गिरीश दर वेळी म्हणे, पितृपक्ष होऊ दे, मग बघू.

आज तिने वाद घातलाच नाही. गिरीशला म्हणाली, "तुझा लाडका एकोणतिसाचा पाढा म्हण. शाळेतल्यासारखा, एका सुरात. अजून खाली. हां, तिथेच राहा."

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

खोली घुमली. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"रिकाम्या बाटलीवर फुंकलं की ती तिच्याच सुरात वाजते. या खोलीचंही तसंच आहे," सुप्रभा म्हणाली. "इथली हाडं केव्हाच म्युझियममध्ये गेली. बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांची एकात एक मिसळलेली. त्या शेतकऱ्यांनी आपली माणसं मायेने इथे ठेवली होती, आपली गाठ विरघळवायला नव्हे. जे कोणालाही करता येतं, तो चमत्कार कसला? एवढं तरी तपासून बघा, आई."

महाराज प्रसन्न हसले. "मुलाचा आवाज वडिलांनी ओळखला. तेच दगडातून पाढा म्हणताहेत."

अरुणाताईंनी मान वर केली.

"ह्यांना एकोणतिसाचा पाढा उभ्या जन्मात आला नाही हो. गिरीशकडून मी पाठ करून घेतला."

त्यांनी दगडावर तळवा ठेवला. दगड गार होता आणि आता गप्प होता.

"सुप्रभा, उद्या हॉस्पिटलला फोन लाव. मी ऑपरेशन करून घेते."