साक्षीचा ट्रे

केशरबाईला दुसऱ्याचं अर्धवट काम बघवत नसे. शेजारणीची भाकरी तव्यावर करपताना दिसली, तर ही आधी भाकरी उलथणार आणि मग विचारणार, "कशी आहेस गं?" जालना एमआयडीसीतल्या बियाण्याच्या प्लांटमध्ये ती बारा वर्षं निवडणीच्या टेबलावर बसत होती, पण तिच्या या सवयीबद्दल कुणी कधी तक्रार केली नव्हती. तक्रार करणार कोण? फुकटची मदत कुणाला नको असते?

साक्षीला नको होती.

साक्षी एकोणीस वर्षांची. जन्मापासून हातांना कंप, चालताना उजवा पाय ओढायचा, आणि बोलणं सावकाश, एकेक शब्द जुळवून. अपंग मुलामुलींना कामाचा पहिला अनुभव मिळावा म्हणून देवानंद सर गावभर चपला झिजवत. त्यांनीच तिला महिनाभरासाठी इथं आणलं होतं. सुपरवायझर मच्छिंद्रनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "महिन्याच्या शेवटच्या दिवशी सहा वाजेपर्यंत तीन ट्रे बराबर निवडून झाले, तर पोरीला ठेवून घेऊ. न्हाई झाले, तर विषय संपला."

काम दिसायला सोपं. ट्रेमध्ये भेंडीचं बी ओतायचं आणि फुटकं, काळं, पोचट वेचून काढायचं. पण बोटं ऐकत नसली की बी टेबलभर पळतं. साक्षीनं त्यावर स्वतःच तोड काढली. ती ट्रेच्या कडेवर मनगट टेकवायची, श्वास सोडायची आणि खराब बी चिमटीत न धरता बोटानं कडेला सरकवायची. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक ट्रे झाला, दुसऱ्या आठवड्यात दीड.

शेजारी बसलेल्या केशरबाईचा जीव तुटायचा. साक्षी पाणी प्यायला उठली की ही तिच्या ट्रेमधली एक मूठ गुपचूप आपल्या ट्रेमध्ये ओढायची. साक्षीच्या ते लक्षात आलं होतं. तिनं दोनदा सांगितलं, "मावशी, नको. मला येतं."

"अगं, मी कुठं काय करून राह्यले?" केशरबाई हसायची आणि पुन्हा मूठ मारायची.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्या बायकांना नवं वाण निवडायला दिलं. साक्षीचा जुना ट्रे संपायचा होता, म्हणून ती जुन्यावरच राहिली. दोन्ही बी भेंडीचंच, डोळ्यांना फरक शून्य. फरक काय तो ट्रेला लावलेल्या कार्डावर. बियाण्याच्या धंद्यात मिसळ होण्यासारखं दुसरं पाप नाही, कारण ती उघडी पडते थेट शेतात, झाडं उभी राहिल्यावर. केशरबाईला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण माया आंधळी असते, ती कार्ड वाचत बसत नाही. साक्षी पाण्याला गेली, सवयीनं मूठ इकडची तिकडे झाली, आणि केशरबाईनं आपला ट्रे शिवायला निघालेल्या पोत्यात रिकामा केला.

साक्षी परत आली. तिनं आपला मूठभर कमी झालेला ट्रे पाहिला, मावशींचा रिकामा ट्रे पाहिला, दोन्हींची कार्डं पाहिली. मग पाय ओढत शिलाई मशीनपाशी गेली आणि पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"शिवू नका. मिसळ झाली."

मच्छिंद्र धावत आला. "कशात काय मिसळलं?"

"माझ्या ट्रेमधलं. ह्या पोत्यात."

"मी सरांना आधीच म्हणलो होतो!" मच्छिंद्र भडकला. "हिच्याच्यानं हे व्हायचं न्हाई! अख्खं पोतं बाद केलं पोरीनं!"

साक्षी पोत्याचं तोंड धरूनच उभी राहिली. तिनं केशरबाईकडे पाहिलंसुद्धा नाही.

केशरबाई गप्प बसली असती तरी खपून गेलं असतं. थरथरत्या हातांच्या पोरीकडून चूक झाली, यावर सगळ्या प्लांटनं डोळे मिटून विश्वास ठेवला असता. आणि नेमकं हेच तिला झोंबलं. खरं तर ही पोरगी गप्प बसली असती, तर पोतं शिवून गेलं असतं आणि तिच्या केसालाही धक्का लागला नसता. तरी आपलं काम पणाला लावून ती तिथं उभी होती, आणि बारा वर्षांची अनुभवी केशरबाई स्टुलाला चिकटून बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"ती न्हाई," ती उठून म्हणाली. "म्या टाकलं. तिच्या ट्रेमधली मूठ म्याच घेतल्ती. रोज घेते."

त्यावर मच्छिंद्र जे बोलला ते इथं न लिहिलेलंच बरं. पोतं बाजूला काढलं गेलं, केशरबाईला लेखी ताकीद मिळाली. राग उतरल्यावर त्यानं साक्षीला विचारलं, "तुला ठाऊक होतं ना? मंग मावशीचं नाव का न्हाई घेतलं?"

"आधी पोतं थांबवायचं होतं," साक्षी म्हणाली. "नाव मावशी सांगणारच होत्या."

केशरबाईला ताकीद पचली, पण हे वाक्य पचेना. ती नळापाशी जाऊन रडली. साक्षी मागोमाग आली.

"मावशी, मला एकच महिना मिळाला. त्यातलं काम तुम्हीच केलं, तर मंग मी काय शिकले?"

 त्या दिवसापासून केशरबाईनं तिच्या ट्रेला हात लावला नाही. निवडणी करताना तिला इतके कष्ट कधीच पडले नव्हते.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. साडेपाचला साक्षीचे दोन ट्रे झाले होते आणि तिसऱ्यात दोन ओंजळी बी उरलं होतं. बायकांना घेऊन जाणारा टेम्पो बाहेर हॉर्न वाजवत होता, पण एकही बाई जागची हलली नाही. शेवटी केशरबाई दारात गेली.

"हॉर्न बंद कर रे. आमची बाई कामावर हाय."

"मंग सगळ्या मिळून हात लावा की!" ड्रायव्हर ओरडला. "जल्दी उरकंल!"

"बिलकुल न्हाई. तिचं काम हाय ते."

सहाला पाच मिनिटं कमी असताना साक्षीनं ट्रे पुढे सरकवला. मच्छिंद्रनं तीन ठिकाणचं चिमूटभर बी तळहातावर घेतलं, उजेडात फिरवून फिरवून पाहिलं आणि पुन्हा ट्रेमध्ये टाकलं.

"सोमवारी येताना आधार कार्ड अन् बँकेचं पासबुक घेऊन ये," तो म्हणाला.

केशरबाईनं पदर डोळ्यांना लावला. कुणाच्या कामाचा इतका अभिमान तिला आजवर वाटला नव्हता, आणि त्या कामात तिचा एका बियाचाही वाटा नव्हता.