बारा तुकड्यांचा रस्ता

"पाणी कुठे जाणार याचं?" बाबांनी मागून विचारलं.

फरशीताईने माऊसवरचा हात उचलला आणि वळून पाहिलं. तिला वाटलं होतं, दुपारच्या उन्हात खुर्चीवर बाबांचा डोळा लागला असेल. पण गुडघ्यांवर शाल घेऊन ते टक्क जागे होते आणि तिच्या खांद्यावरून स्क्रीनवरचा रस्ता निरखत होते.

"कसलं पाणी, बाबा? गेममधला रस्ता आहे तो. तिथे पाऊस पडतच नाही."

"नसेल पडत. पण रस्त्याला ते कुठे माहीत आहे?"

तिला हसू आलं. हसता हसता तिने पुन्हा पाहिलं, तर रस्ता खरोखरच टेबलासारखा सपाट होता.

फरशीताई हे काही तिचं नाव नव्हे. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत ती लागली तेव्हा जमिनीचं काम करणारा माणूस रजेवर होता, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं. एकोणीस वर्षं झाली, ते काही उतरलं नाही. बाकीचे राक्षस घडवत, तलवारी घडवत, वाऱ्यावर भुरभुरणारे केस घडवत. ती त्या सगळ्यांच्या पायांखालचं घडवायची, म्हणून ती फरशीताई. "माझ्या कामाकडे कुणाचं लक्ष गेलं, तर समजायचं काहीतरी बिघडलंय," असं ती नव्या लोकांना सांगायची. सगळे हसायचे. तीही हसायची.

बाबांनीही जन्मभर हेच केलं होतं, फक्त दगडात. चाळीस वर्षं गुडघ्यांवर बसून त्यांनी रस्त्यांना फरशी घातली. शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. आई गेल्यावर ती त्यांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी घेऊन आली. त्या दिवशी शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून त्यांना वर आणलं, आणि तेव्हापासून दीड वर्षात त्यांचा पाय रस्त्याला लागला नव्हता. मुलीच्या कामाला ते 'तुझं ते चित्रांचं' म्हणायचे. त्याबद्दल त्यांनी काही विचारलं, ते आज पहिल्यांदाच.

"एकूण दगड किती लागले?"

"अकरा."

"अख्ख्या गावाला अकरा?"

"अकरा तऱ्हा हो, बाबा. एक सरळ, एक कोपऱ्याचा, एक कडेचा, एक गटाराच्या जाळीचा, एक फुटका, असे. कुठलाही कुठल्याही तुकड्याशेजारी चपखल बसतो. तेच फिरवून फिरवून लावायचे. प्रत्येक तुकडा त्रिकोण जोडून बनतो, आणि त्रिकोण जितके कमी तितकं बरं. वाढले की गेम अडखळतो."

"फिरवला तरी तोंड तेच राहतं की," बाबा म्हणाले. "मी चाळीस वर्षांत एकसारखे दोन दगड लावले नाहीत."

"तुमच्याकडे डोंगर होता, बाबा."

यावर मात्र ते हसले. कितीतरी दिवसांनी.

त्यानंतर रोजच दुपारी त्यांची खुर्ची तिच्या टेबलाशी येऊन लागली. तिने रस्त्याला मधून कडेपर्यंत ढाळ दिला. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत राहायचा, बाबा संथपणे बोलत राहायचे, आणि ऐकता ऐकता तिला वाटायचं, आपण खोलीत नाहीच आहोत, कुठल्यातरी सकाळच्या रस्त्यावर दोघं उकिडवे बसलो आहोत.

"माणूस सरळ चालत नाही," एकदा ते म्हणाले. "वळण आलं की कोपरा कापतो. तिथला दगड झिजतो. भिंतीकडेचा मात्र शंभर वर्षांनीही कोराच."

म्हणून तिने बारावा तुकडा करायला घेतला, वळणावरचा झिजलेला. पहिला पाहून बाबांनी नाक मुरडलं. "हा खड्डा झाला. तुटणं वेगळं, झिजणं वेगळं." दुसराही नाही. चौथ्या दिवशी दगडाला तळहातासारखा हलका खोलगटपणा आला, तेव्हा त्यांनी स्क्रीनवरच त्यावरून अंगठा फिरवला. तिने ओळखलं, जमलं.

कामाची प्रमुख तिच्याहून दहा वर्षांनी लहान होती, स्वभावाने वाईट नव्हती. तिचा फोन आला.

"फरशीताई, एका फरशीला शहाण्णव त्रिकोण? मर्यादा चाळीसची आहे."

"माहीत आहे."

"मग सपाट करून टाका ना. कोण बघतंय?"

अशा प्रश्नाला एकोणीस वर्षं तिचं उत्तर एकच होतं, करते. या वेळी तोंडातून निघालं, "नाही." आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "बघत कुणी नाही, पण पायाला कळतं."

"ताई, गेममध्ये पाय कुठे असतो?"

"बाकीच्या तुकड्यांतून तेवढे वाचवून दाखवते. सोमवारपर्यंत थांब."

"थांबते. पण नाही जमलं तर दगड निघेल हं."

तीन दिवस ती त्रिकोण उपटत बसली. इथून दोन, तिथून चार. काठ बोथट व्हायला लागले, पण पुरेसं काही सुटेना. रविवारी बाबांनी विचारलं, "दगडाच्या पोटाचं काय करतेस तू?"

"पोटाचं?"

"खालच्या अंगाचं गं. आम्ही ते घडवायचोच नाही. जे वाळूत जायचं, त्याला छिन्नी कशाला लावायची?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. पहिल्या दिवसापासून, निव्वळ नीटनेटकेपणाच्या सवयीने, ती प्रत्येक तुकडा सगळ्या बाजूंनी बंद करत आली होती. तिने बाराही दगड उलटे केले आणि एकेकाचं पोट काढून टाकलं. बेरीज झरझर खाली आली. सोमवारी प्रमुखबाईचा एका ओळीचा निरोप आला, "राहू दे तुमचा दगड."

त्याच दुपारी तिने कंट्रोलर बाबांच्या हातात दिला. त्या रुंद, चरे पडलेल्या हातांत तो खेळण्यासारखा दिसत होता. या अंगठ्याने चालायचं, त्या अंगठ्याने बघायचं, तिने शिकवलं. गावात युद्ध पेटलं होतं. डोक्यावरून जळता पक्षी गेला, लोक सैरावैरा धावत होते. बाबा मान खाली घालून, सकाळी फिरायला निघालेल्या माणसासारखे, सावकाश चालले होते. वळणावर ते थांबले.

"बसायचं बटण कुठलं?"

तिने दाखवलं. स्क्रीनवरची नजर खाली उतरली आणि झिजलेला दगड अगदी डोळ्यांजवळ आला. बाबा तिथेच बसून राहिले. लढाईचे आवाज दूर गेल्यासारखे झाले. खुर्चीत, शालीखाली, त्यांचे गुडघे किंचित हलले.

मग त्यांनी अंगठा जरासा पुढे दाबला आणि जमीन गेली.

"अगं बाई!" ती ओरडली. दोन तुकड्यांमध्ये कुठेतरी फट राहिली होती, त्यातून बाबा रस्त्याखाली पडले होते, आणि पडतच होते, फिक्या निळ्या पोकळीतून, पिसासारखे. "थांबा, बंद करते मी."

"नको. राहू दे." त्यांनी हलकेच दुसरा अंगठा फिरवून वर पाहिलं.

दगडांना खालची बाजूच नव्हती, आणि गेममध्ये वरची बाजू फक्त वरूनच दिसते, त्यामुळे खालून रस्ता दिसतच नव्हता. घरं अधांतरी तरंगत होती. जिथे रस्ता असायचा तिथून सरळ आभाळ दिसत होतं, आणि त्या आभाळातून माणसं चालली होती. नुसते तळवे, उचलणारे, टेकणारे, दूर दूर जाणारे.

बाबा कितीतरी वेळ पाहत राहिले.

"खाली किती उजेड आहे गं," ते म्हणाले.

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी राहू दिला.

"फट बुजव ती," काही वेळाने ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "कुणाचा तरी पाय जाईल."

तिने शोधली. झिजलेल्या दगडाच्याच काठाशी निघाली, केसाएवढी. बुजवून झाल्यावर बाबांनी मान डोलावली. कंट्रोलर त्यांनी पुन्हा मागितला नाही.

थंडी सरता सरता ते गेले, दुपारच्या झोपेतच. महिन्याभराने गेम बाजारात आला. लाखो लोक त्या वळणावरून धावत गेले, आणि कुणी काही म्हणालं नाही. प्रमुख म्हणाली, "ताई, थोडे दिवस सुट्टी घ्या." फरशीताई म्हणाली, "पुढचं काम दे."

पुढचं काम नदीकाठच्या जुन्या वाटेचं होतं. एका सकाळी ती मोजपट्टी घेऊन खऱ्याच नदीकाठी गेली आणि वाटेवर गुडघे टेकून बसली. दगड अजून रात्रीचे गार होते. तिने एका सांध्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते.

हातात पिशवी घेतलेली एक म्हातारी मात्र थांबली.

"काय हरवलं, बाई?"

काही नाही, असं सांगायला तिने तोंड उघडलं. पण बोट सांध्यावरच फिरत राहिलं.

म्हातारीने पिशवी खाली ठेवली, गुडघ्यांवर हात दाबत, कण्हत, ती शेजारी बसली आणि सांध्यांमधून डोळे बारीक करून बघायला लागली.

"सोन्याचं होतं का?"

फरशीताईने नुसती मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही.

"असू दे. दोघी मिळून बघू," म्हातारी म्हणाली.

फरशीताई थोडी सरकली आणि तिने तिला जागा करून दिली.